मोठ्या शहरात पहिल्यांदाच भाड्याचं घर शोधताय?

घरं कमी आणि शोधणारे फार, म्हणून नवखा माणूस घाईत फसतो. आधी आकडा ठरवा, आणि तो नुसत्या भाड्याचा नको: मेंटेनन्स, वीज-पाणी, रोजचा प्रवास सगळं धरून. लांबचं स्वस्त घर प्रवासखर्चात महाग पडतं, वेळ जातो तो वेगळाच. भाडं उत्पन्नाच्या ३० टक्क्यांच्या आत ठेवावं असा ढोबळ हिशेब असतो. टंचाईच्या शहरात तो जमेलच असं नाही. मग घर शेअर करा, पण करारात तुमचंही नाव हवं. नाहीतर मूळ भाडेकरूने घर सोडलं की तुम्हीही बाहेर.

घर न बघता टोकनसुद्धा (घर धरून ठेवायची आगाऊ रक्कम) देऊ नका. भाडं फारच कमी आणि मालक 'परदेशात' असेल, तर विषय तिथेच सोडा.

ओळखपत्र, पगाराच्या स्लिपा, डिपॉझिट तयार ठेवा. बरं घर फार दिवस रिकामं राहत नाही. करारात एवढं नक्की वाचा:

- नोटीस किती दिवसांची
- भाडेवाढ कधी आणि किती
- डिपॉझिटमधून काय कापणार

सामान आत नेण्याआधी भिंती, नळ, मीटर रीडिंग यांचे फोटो काढून मालकाला पाठवा. निघताना डिपॉझिटवरून वाद झाला तर हाच पुरावा.