जंगल स्वस्त आहे, डिसेंबर महाग आहे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय २७, पुण्यात नोकरी, हातात ४२,००० पगार, महिन्याला ७,००० शिल्लक, दीड लाखाची एफडी. डिसेंबरात तीन आठवडे मलेशियाला पाठीवर सॅक टाकून जायचंय, तामान नगाराचं राष्ट्रीय उद्यान आणि पुढे बोर्निओ बेटावरचं मुलूचं राष्ट्रीय उद्यान. एफडी मोडू की १ लाख २० हजारांचं पर्सनल लोन घेऊ?

दोन्ही नको.

आधी लोनचं बघू. १४ टक्के व्याज, दोन वर्षांची मुदत धरली तर हप्ता साधारण ५,७६० आणि एकूण व्याज १८ हजारांच्या वर. म्हणजे परतल्यावर दोन वर्षं तुमच्या ७,००० पैकी जेमतेम बाराशे रुपये उरणार. एफडी ही तर तुमची अडीअडचणीची गंगाजळी आहे. घरी दर महिन्याला पैसे पाठवता असं तुम्हीच लिहिलंय. नोकरी गेली तर तेच दीड लाख कामी येतील.

त्यातून महिना निवडलात तो नेमका डिसेंबर! मलेशियाच्या द्वीपकल्पावर ईशान्य मोसमी पाऊस साधारण नोव्हेंबरपासून असतो. नद्या फुगतात, वाटा बंद होऊ शकतात. कर्ज काढून चिखल बघायला कशाला जायचं?

माझ्या मते मुलू या खेपेला सोडा. तिथे रस्ता जात नाही, बहुतेकांना मिरी शहराहून छोट्या विमानाने जावं लागतं, आणि पिनॅकल्स या चुनखडीच्या सुळक्यांचा ट्रेक वाटाड्याशिवाय करता येत नाही. तुमच्या बजेटचं कंबरडं मोडतंय ते इथेच. तामान नगारातला प्रवेश परवाना मात्र नाममात्र असतो. उद्यानाजवळच्या क्वाला तहान गावात डॉर्ममध्ये राहायचं, नदीवरच्या तरंगत्या हॉटेलात नासी गोरेंग (तिथला फोडणीचा भात) खायचा आणि बुकित तेरेसेकची टेकडी आपली आपण चढायची. गुनुंग तहान हे शिखर (२,१८७ मीटर) म्हणजे आठवडाभराचा आणि वाटाड्यासह करायचा ट्रेक आहे. पुढच्या वेळी.

दहा दिवसांचा हा बेत माझ्या अंदाजाने ५५ हजारांत बसतो, त्यातले निम्म्याच्या आसपास विमानाचे. नोव्हेंबर ते जून ७,००० ची आरडी लावा. आठ महिन्यांत ५६,००० जमतील, वर थोडं व्याज. मग जुलैत निघा. (ऐन पावसात सह्याद्री सोडून जायचं जिवावर येईल, मान्य.)

पैसे वाचवायला विमा मात्र गाळू नका. पॉलिसीत ट्रेकिंग आणि जंगलातून रुग्णालयापर्यंत हलवण्याचा खर्च धरलाय का, ते शब्द शोधून वाचा. मी न वाचता घेतली होती. जंगलात तीन दिवसांत मोजे वाळले नाहीत, चौथ्या दिवशी फोनच्या काचेआड वाफ धरली आणि तो मेला. दमटपणाने झालेलं नुकसान पॉलिसीत बसत नव्हतं, क्लेम फेटाळला. चूक माझीच. आता फोन झिपच्या पिशवीत, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. जळवांसाठीचे लांब मोजेही घ्या.

परदेशात कार्ड वापरलं की बऱ्याच बँका साडेतीन टक्क्यांपर्यंत मार्कअप (परकीय चलनाचं जादा शुल्क) आणि त्यावर १८ टक्के जीएसटी लावतात, म्हणून मार्कअप नसलेलं कार्ड आत्ताच काढा. मशीनने "रुपये की रिंगिट (मलेशियाचं चलन)" विचारलं तर रिंगिटच दाबा. आणि रोकड वाटेतल्या जेरांटुट गावातच काढून घ्या. पुढे क्वाला तहानला एटीएमच्या भरवशावर जाऊ नका.