बाबा कानाला यंत्र लावायला तयार नाहीत

"मॅडम, बाबांना कमी ऐकू येतं. यंत्राचं नाव काढलं की चिडतात. तुम्ही जरा समजावून सांगाल का?" असे फोन मला सारखे येतात, आणि करणारी बहुतेक वेळा मुलगी नाहीतर सून असते. मी समुपदेशक, समजावून सांगणं हे माझं कामच आहे. पण या एका बाबतीत समजावण्यानं फार काही साधत नाही, असं माझं मत होत गेलंय. ते का, हे एका कुटुंबाच्या निमित्तानं सांगते. नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.

वसंतरावांचं पुण्यात अप्पा बळवंत चौकात शाळेच्या पुस्तकांचं दुकान आहे. वय अडुसष्ट. माझ्याकडे ते कानांसाठी आलेच नव्हते. मुलगा त्यांना घेऊन आला होता. बाबा हल्ली गिऱ्हाइकांवर खेकसतात, दुकानातल्या पोरांना टाकून बोलतात आणि घरी आले की तोंडाला कुलूप, अशी त्याची तक्रार. त्याला वाटत होतं, डिप्रेशन असावं. बाबांनी आता घरी बसावं आणि दुकान आपल्याला आपल्या पद्धतीनं चालवू द्यावं, हेही त्याच्या मनात होतं. ते बोलता बोलता बाहेर आलं.

सोबत वसंतरावांच्या पत्नी नलिनीताई होत्या. "वसंत व्याख्यानमालेचं एक व्याख्यान चुकवायचे नाहीत हे," त्या म्हणाल्या. "आता म्हणतात, हल्लीच्या वक्त्यांत काही दम राहिला नाही."

मी वहीत टिपणं काढत होते. मान वर न करताच विचारलं, "काका, चहा घेणार का?"

"चाळीस वर्षं होतील येत्या दसऱ्याला," वसंतराव म्हणाले.

मुलानं कपाळाला हात लावला. मी मान वर केली आणि तोच प्रश्न तेवढ्याच आवाजात पुन्हा विचारला. "घेऊ की. बिनसाखरेचा." आवाज वाढवला नव्हता, त्यांना माझं तोंड दिसलं एवढंच. ज्यांचं ऐकणं हळूहळू कमी होतं, ती माणसं नकळत ओठ वाचायला लागतात आणि उरलेलं अंदाजानं भरून काढतात. समोरच्या बाईनं दुकान किती जुनं असं विचारलं असेल, हा त्यांचा अंदाज काही वाईट नव्हता.

मनाचं बघू, आधी कान तपासून घ्या, असं सांगून मी त्यांना कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवलं. दोन्ही कानांतला मळ निघाला, तरी फरक जेमतेमच पडला. पडद्यामागचा भाग ठीक होता. ऑडिओग्रामवर, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीच्या आलेखावर, जाड आवाजांच्या बाजूला रेघ बऱ्यापैकी वर होती, बारीक आवाजांकडे मात्र घसरत गेलेली. ४००० हर्ट्झला ६५ डेसिबल. म्हणजे त्या पट्टीतला आवाज तितका मोठा झाल्याशिवाय त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. आपलं साधं बोलणं साठच्या आसपास असतं, आणि त्यातलीही स, च, ठ, प अशी व्यंजनं फार हळू असतात. बोलण्याचा जोर सगळा स्वरांत.

"मला ऐकू येतं हो," वसंतराव रिपोर्ट हातात धरून म्हणाले. "लोकच तोंडातल्या तोंडात बोलतात." हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय की त्यात खोटेपणा नसतो हे मला पक्कं माहीत आहे. जाड आवाज व्यवस्थित येतात, त्यामुळे कोणीतरी बोलतंय हे कळतं. काय बोलतंय ते कळत नाही.

"काका, तुमच्या काउंटरवरचंच बघा," मी म्हटलं. "पाचवी, सातवी, आठवी. तिन्हींत आधी 'आ', शेवटी 'वी'. व्यंजनं गाळली तर उरतं काय?"

ते जरा वेळ पुटपुटत राहिले. मग म्हणाले, "तरीच! दहावी-बारावीवाले कधी पुस्तक बदलायला परत येत नाहीत."

हसलो सगळे, पण म्हणून यंत्राला होकार मिळाला असं नाही. आतल्या कानात केसांसारखे तंतू असलेल्या साधारण १५ हजार पेशी असतात. वयानं, मोठ्या आवाजानं त्या मरतात आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. त्यामुळे थेंब, तेल, गोळ्या यांनी ऐकू येणं परत येणार नाही, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. वसंतरावांना ते पटलंही होतं. तरी नाही म्हणजे नाही. यंत्रानं कान आळशी होतात. शेजारच्या जोशांचं यंत्र कपाटात पडून आहे. गिऱ्हाईक म्हणेल, म्हातारा बहिरा झाला. शिवाय मुलानं मागे ऑनलाइन काहीतरी स्वस्तातलं मागवलं होतं, ते लावून वसंतराव बाजीराव रस्त्यावर गेले आणि हॉर्नच्या आवाजानं डोकं धरून परत आले. ते श्रवणयंत्र नव्हतंच, सगळेच आवाज सरसकट मोठे करणारं साधन होतं. पण त्यांच्या लेखी यंत्राची परीक्षा घेऊन झाली होती.

आळशीपणाचं एवढंच सांगते: कान मोजून, त्याप्रमाणे आवाज लावलेल्या यंत्रानं कान खराब होत नाही. उलट वर्षानुवर्षं जे आवाज मेंदूपर्यंत पोचलेलेच नाहीत, त्यांची पुन्हा सवय व्हायला जास्त वेळ लागतो.

मुलानं वेगळाच सूर लावला होता. व्हॉट्सॲपवर वाचून तो बाबांना बजावत होता, यंत्र नाही लावलं तर स्मृतिभ्रंश होईल. मला हा प्रकार आवडत नाही. कमी ऐकू येणं आणि स्मृतिभ्रंश यांचा संबंध संशोधनात दिसतो, हे खरं. पण २०२३ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अमेरिकेतल्या चाचणीत ७० ते ८४ वयाचे जवळपास हजार लोक होते, आणि तीन वर्षांनी यंत्र दिलेल्या व न दिलेल्या गटांत एकूणात फरक दिसला नाही. ज्यांना आधीपासून धोका जास्त होता, त्यांच्यात मात्र बुद्धीची घसरण जवळजवळ निम्म्यानं मंदावली. यातून आशा वाटावी इतकं आहे, धमकी द्यावी इतकं नाही. आणि धमकीला घाबरून घेतलेलं यंत्र शेवटी जोशांच्या यंत्राशेजारीच जातं.

म्हणून घरच्यांना सांगितलं, महिनाभर यंत्राचा विषय बंद. वसंतरावांना मात्र एक काम दिलं. दुकानदार माणूस, वही ठेवायची सवय. ऐकू न आल्यामुळे कुठं अडलं, तेवढंच रोज लिहायचं. उपाय लिहायचा नाही.

पुढच्या भेटीला वही आणली. अक्षर टपोरं, जमाखर्चाच्या वहीला शोभेल असं. "सातवीचं गाईड दिलं, आठवीचं हवं होतं. पोराच्या आईसमोर दुकानातल्या मुलावर ढकललं." "नात फोनवर काहीतरी सांगत होती. बरं बरं म्हणालो. नंतर कळलं, तिला ताप होता." "हिला म्हटलं मोठ्यानं बोल. ती बोलली. मी म्हटलं, ओरडतेस कशाला."

शेवटची नोंद वाचताना नलिनीताईंच्या डोळ्यांत पाणी आलं, कारण त्यांना तो निव्वळ खवटपणा वाटत आला होता. खरं तर आतल्या कानाच्या अशा दोषात हळू आवाज ऐकू येत नाही आणि थोडा वाढवला की एकदम बोचतो. मधला आरामाचा पट्टा अरुंद होतो. त्यामुळे "ऐकू येत नाही" आणि "ओरडू नकोस" ही दोन्ही वाक्यं एकाच मिनिटात खरी असू शकतात.

मग त्या बोलल्या. वसंतरावांच्या समोर बसून, त्यांच्याकडे बघत. "आधी मी तुम्हाला सगळं सांगायचे. भाजीवाली काय म्हणाली, वरच्या कुलकर्ण्यांकडे कोण आलंय, शेंगदाणे कसे महाग झालेत. आता तीनदा ओरडून सांगण्याच्या लायकीचं असेल तेवढंच सांगते. गॅस संपला. डॉक्टरांची वेळ पाचची आहे. झालं."

"मला वाटलं, तू धरून बसलीयेस काहीतरी," वसंतराव म्हणाले.

बहिरेपणात संसारातलं नेमकं हेच जातं, आणि कुठल्या रिपोर्टात ते येत नाही. महत्त्वाच्या गोष्टी कशाही करून पोचवल्या जातात. बिनमहत्त्वाच्या बंद पडतात, आणि दोघांनाही वाटतं की समोरचाच तुटत चाललाय.

होकार मात्र यातूनही आला नाही. तो मे महिन्यात आला, दुकानातून. जूनच्या मध्याला शाळा सुरू होतात, त्याआधी अप्पा बळवंत चौकात पाय ठेवायला जागा नसते. मुलानं सांगून टाकलं होतं, "या सीझनला तुम्ही गल्ल्यावर बसा, काउंटर मी बघतो." वसंतराव एकटेच आले. म्हणाले, "मॅडम, आयुष्यभर गिऱ्हाइकाच्या तोंडून शब्द निघायच्या आत पुस्तक काढून दिलंय मी. मला काउंटरवर उभं राहायचंय. यंत्रानं ते जमतं का, तेवढं बघू."

आता त्यांचं स्वतःचं कारण होतं, आणि तेही नेमकं. यंत्र म्हातारपणासाठी घ्यायचं नव्हतं, पाचवी आणि आठवी वेगळी ऐकू येण्यासाठी घ्यायचं होतं.

भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेल्या ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे ऐकणं तपासून यंत्र बसवून देणाऱ्या तज्ज्ञाकडे गेले, चाचणीसाठी काही दिवस यंत्र घरी घेऊन आले. कानामागं बसणारी, बारीक तारेनं कानात जाणारी जोडी. एकाच कानाला घेऊन पैसे वाचवू, असा मुलाचा विचार होता. पण दोष दोन्हीकडे सारखा असेल तर दोन्ही कानांनी दिशा कळते आणि गोंगाटात बोलणं वेगळं काढता येतं. साधं डिजिटल यंत्र एका कानाचं पंधरा-वीस हजारांच्या आसपास मिळतं, वर किंमत लाखापलीकडेही जाते. महागातलं तेच चांगलं असं नाही. बसवून देणारा माणूस पुन्हा पुन्हा आवाज जुळवून देतो की नाही, हे मी आधी विचारायला सांगते. ज्यांना परवडत नाही त्यांनी चौकशी जरूर करावी. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षं पूर्ण झालेल्या आणि कौटुंबिक उत्पन्न वर्षाला दोन लाखांच्या आत असलेल्यांना अशा साधनांसाठी एकदाच ३,००० रुपये मिळतात. केंद्राच्या २०१७ पासूनच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत दारिद्र्यरेषेखालच्या ज्येष्ठांना यंत्र मोफत मिळू शकतं.

पहिले दिवस त्रासाचे गेले. पेपरचं पान उलटलं तरी दचकायचे. चपला फटफटायच्या, कॅरीबॅग चुरचुरायची, स्वतःचा आवाज रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा यायचा. ऑडिओलॉजिस्टनं आवाज मुद्दाम थोडा कमी ठेवला होता, तो टप्प्याटप्प्यानं वाढवला. आधी घरात, शांत खोलीत, दोन-चार तास. मग जिन्यात, मग दुकानात. टोपी घालताना शिट्टी वाजायची, म्हणून कानातली रबरी टोपणं बदलून घेतली. बॅटऱ्यांचा घोळ मात्र त्यांनी स्वतः घातला. त्या हवेवर चालतात, वरचा चिकट कागद काढला की वापरा वा न वापरा, उतरायला लागतात. यांनी सोयीसाठी अख्ख्या पाकिटाचे कागद एकदम काढून ठेवले. पावसाळ्यात आणि घामात यंत्र दमट होतं, म्हणून रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेवतात.

घरच्यांनाही शिकावं लागलं. दुसऱ्या खोलीतून हाक मारून बोलायचं नाही. आधी नाव घ्यायचं, समोर यायचं, उजेड आपल्या तोंडावर पडेल असं उभं राहायचं, टीव्ही बंद करायचा. नाही कळलं तर तेच वाक्य आणखी मोठ्यानं न म्हणता वेगळ्या शब्दांत म्हणायचं.

फोन करणाऱ्या मुलीसुनांना मी आता हे सांगते: बाबांना यंत्राबद्दल विचारू नका, कुठं अडतं ते विचारा, आणि उत्तर त्यांना शोधू द्या. वाट न बघण्यासारखी परिस्थिती एकच. एका कानानं अचानक, एक-दोन दिवसांत ऐकू येईनासं झालं तर मळ असेल म्हणून बसू नका, त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठा. त्यावरच्या स्टेरॉइडच्या उपचाराचा उपयोग लवकर सुरू केला तरच जास्त होतो. कानातून पाणी, चक्कर, एकाच कानात आवाज होत राहणं, यासाठीही डॉक्टरच.

वसंतराव तो जून काउंटरवर उभे राहिले. ऐन गर्दीत अजूनही चुकतं, तेव्हा "कितवी?" म्हणून बोटांवर विचारतात. लग्नाच्या हॉलमध्ये यंत्र काढून खिशात टाकतात, आणि ते मला गैर वाटत नाही. नलिनीताईंची नवी तक्रार आहे की बहिणीशी फोनवर बोललेलंही आता यांना ऐकू जातं. मुलाचं मात्र अजून मिटलेलं नाही. दुकान ऑनलाइन न्यायचं की नाही यावर दोघांचं रोज वाजतं, फक्त आता वसंतरावांना त्याचा शब्दन् शब्द कळतो. त्या भांडणासाठी पुढच्या आठवड्यात बापलेक वेगळी वेळ घेऊन येताहेत.