केनियातलं मोंबासा शहर कसं आहे? तिथला इतिहास आणि रोजचं जगणं याबद्दल कुणी सांगेल का?

मी चार वर्षं किलिंडिनी बंदरात कामाला होतो आणि राहायला जुन्या गावात. त्यामुळे जे रोज पाहिलं तेच सांगतो.

इतिहास म्हटलं की आधी फोर्ट जीझस. पोर्तुगीजांनी १५९३ साली हा किल्ला बांधायला घेतला. इथल्या किल्लेदाराला हुकूम यायचे ते गोव्याहून. युसुफ नावाच्या राजपुत्राची गोष्ट मला कधीच विसरता आली नाही. बाप मारला गेला, पोराला लहानपणीच गोव्याला नेलं, तिथे बाप्तिस्मा देऊन जेरोनिमो केलं, पाद्र्यांनी शिकवलं आणि मोठा झाल्यावर मोंबासाच्या गादीवर बसवलं. १६३१ च्या ऑगस्टमध्ये त्याने किल्लेदाराला ठार केलं, किल्ला घेतला आणि पुन्हा मुसलमान झाला. पुढच्याच वर्षी त्याने किल्ला सोडला. परक्या घरी वाढलेल्या त्या पोराच्या मनात काय काय साठलं असेल, हा विचार त्या भिंतींपाशी दर वेळी यायचा. १६९६ मध्ये ओमानच्या अरबांनी वेढा घातला, तो जवळपास तीन वर्षं चालला. आत उपासमार आणि रोगराईने माणसं गेली. १६९८ च्या डिसेंबरात किल्ला पडला.

आता रोजचं. सकाळी महामरी, म्हणजे वेलचीचा वास असलेले फुगीर तळलेले वडे, आणि सोबत म्बाझी. म्बाझी म्हणजे आपल्या तुरीचे दाणे, नारळाच्या दुधात शिजवलेले. माझ्या घरमालकीणबाई अंगणात लाकडी बैठकीवर बसून, पुढच्या दातेरी पात्यावर नारळ खवायच्या. थेट आमच्या आजीची खवणी! तिला तिथे ‘म्बुझी’ म्हणतात, म्हणजे शेळी. गाडीला ‘गारी’, पैशाला ‘पेसा’, लाखाला ‘लाकी’. वाऱ्यावर येणाऱ्या गलबतांतून नुसतं कापड उतरलं नाही, शब्दही उतरले.

एक मात्र लक्षात ठेवा: तिथल्या स्वाहिली भाषेत तास सूर्योदयापासून मोजतात. ‘सा मोजा’, म्हणजे शब्दशः एक वाजता, असं कुणी म्हणालं तर सकाळी सातला पोचा. मी पहिल्याच आठवड्यात दुपारी एकला जाऊन उभा राहिलो होतो, आणि ज्यांनी बोलावलं होतं ते सहा तास आधीच वाट बघून निघून गेले होते.

संध्याकाळी लिकोनीच्या फेरीबोटीने खाडीपलीकडे जा. पायी जाणाऱ्याला तिकीट नाही. परत येऊन जुन्या गावात कॉफीवाला शोधा. पितळी भांडं, खाली निखारे, आल्याची बिनसाखरेची कॉफी. सोबत खोबऱ्याची काशाता वडी घ्या, नाहीतर पहिला घोट फार कडू लागतो.