पोच घेतल्याशिवाय उठायचं नाही

प्रिय मुली,

तुझ्या दिव्यांग लेकराला शाळेने प्रवेश नाकारला, हे सांगताना काल फोनवर तू रडत होतीस, म्हणून मी फार बोलले नाही. "अशा मुलांची आमच्याकडे सोय नाही" हे वाक्य मी माझ्या मुलासाठी तीन शाळांत ऐकलंय. तिन्ही ठिकाणी चहा मिळाला, बरं का! नकार मात्र कागदावर कुणी दिला नाही आणि मीही मागितला नाही. तिथेच चुकले.

तू माग. अर्जाच्या दोन प्रती ने, आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घे. "प्रवेश देत नसाल तर कारण लेखी द्या" एवढं वाक्य अर्जात असू दे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मधलं कलम १६ लिही: सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळेत भेदभाव न करता प्रवेश. सगळे कलम ३१, म्हणजे मोफत शिक्षणाचा हक्क, दाखवतात, पण ते ६ ते १८ वयासाठी आहे आणि त्याला ४० टक्क्यांचं प्रमाणपत्र लागतं. तुझं लेकरू साडेचार वर्षांचं, वयावरूनच अडवतील. शाळेला मान्यता आहे ना, तेही आधी बघून घे. गल्लीतल्या नर्सरीला बऱ्याचदा नसते. आणि अंगणवाडीला नाक मुरडू नकोस. दिव्यांग मुलांना तिथे कसं सामावून घ्यायचं, याची कार्यपद्धती केंद्राने २०२३ मध्येच काढली आहे.

प्रवेशानंतरचं सांगते, ते जास्त महत्त्वाचं. माझ्या मुलाला सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे अंगाच्या हालचालींवर नीट ताबा राहत नाही. बाकावर बसला की पाय लोंबायचे, सगळी ताकद अंग सावरण्यात जायची आणि पेन्सिल हातातून निसटायची. बाई म्हणायच्या, "त्याला लिहायचंच नसतं." थेरपिस्टच्या सांगण्यावरून मी एक वीट जुन्या सतरंजीच्या तुकड्यात गुंडाळून पायाखाली ठेवली. त्याच आठवड्यात पाटीवर उभी रेघ आली. वाकडीच, पण उभी. पुढच्या वर्षी त्याच बाईंनी विटेच्या जागी घरून लाकडी पाट आणला.

म्हणून "जरा लक्ष ठेवा हो" असं म्हणू नकोस, त्यातून बाईंना काहीच कळत नाही. तुझं लेकरू कुठे बसेल, शू लागली की कसं सांगतं, कोण नेईल, डबा कोण उघडेल, हे एका पानावर लिहून दे. वर्गभर पोरं एकटीने सांभाळणारी बाई काही तुझी वैरीण नाही. तालुक्याच्या गट साधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांनाही एकदा वर्गात यायला सांग, बाईंच्या देखत.

सोमवारी शाळेत अर्ज द्यायला एकटी जाऊ नकोस. जावईबापूंना अर्धा दिवस रजा टाकायला लाव. त्यांनाही हे ऐकू दे, नाहीतर घरी येऊन सगळं तुलाच पुन्हा सांगावं लागतं. यूडीआयडी कार्डाची, म्हणजे लेकराच्या सरकारी दिव्यांग ओळखपत्राची, झेरॉक्स दे, मूळ कार्ड हातातून सोडू नकोस. "साहेब मीटिंगमध्ये आहेत" म्हणाले तर बाहेरच्या बाकावर बस. डबा बरोबर घेऊन जा.

पोच मिळाली की फोटो पाठव.

तुझी,
काकू