दारू पिऊन माणूस चिरडणाऱ्या ड्रायव्हरवर खुनाचाच खटला का चालवत नाहीत?

खून म्हटलं की साधारणपणे मारण्याचा इरादा दाखवावा लागतो, आणि तो अशा प्रकरणात सहसा टिकत नाही. तुम्ही 2025 च्या होळीच्या रात्री इथे बडोद्यात, कारेलीबागेत झालेल्या अपघातावरून विचारलंय. तिथे पोलिसांनी लावलेलं सदोष मनुष्यवधाचं कलम (भारतीय न्याय संहिता, म्हणजे बीएनएस, 105) हेच मोठ्यात मोठं हत्यार. नुसत्या हलगर्जीपणानं जीव गेला तर 106(1) खाली फार तर पाच वर्षं, जुन्या दंड संहितेच्या 304-अ मध्ये दोनच होती. पण मोठं कलम लागून तरी काय? मुंबईत कार्टर रोडला 2006 साली फुटपाथवर झोपलेली सात माणसं कारखाली गेली. सुप्रीम कोर्टानं 2012 मध्ये कायम केलेली शिक्षा होती तीन वर्षं.

म्हणून मला वर्षं मोजण्यात रस नाही. आधी लायसन्स काढून घ्या.

माझ्या बाबांना दांडिया बाजारात एका कारनं उडवलं. मांडीचं हाड मोडलं, आत सळी घालावी लागली. पोरगा कॉलेजातला, प्यायलेला नव्हता, फोनवर बोलत होता. पुढे त्याचे वडील समेटाला घरी आले, हातात लीलो चेवड्याचा पुडा. मामांच्या ओळखीचे, मामांनीच आणलेले. टीपॉयवर तो पुडा, समोर स्टुलावर बाबांचा पाय, आणि यांचं एकच पालुपद, "छोकरानी जिंदगी बगडी जशे", पोराचं आयुष्य वाया जाईल. मी वैतागून गॅलरीत गेलो. खाली तीच कार. नव्या बंपरवरचं प्लास्टिकसुद्धा अजून निघालं नव्हतं. आणि स्टिअरिंगवर तोच पोरगा! बापाला माफी मागायला यानंच चालवत आणलेलं. आत येऊन बोललो तर मामा म्हणतात, "मग काय रिक्षानं येतील का ते?"

बाबांनी समेटाच्या कागदावर सही केली. जखमी माणसाला तसं प्रकरण मिटवता येतं. माणूस दगावला असेल तर येत नाही.

मोटार वाहन कायद्याचं 19 वं कलम आरटीओला आणि 20 वं कोर्टाला लायसन्स रोखू देतं. वापरतं कोण? पोरगा अल्पवयीन असेल तर 199-अ खाली पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. अठरा पूर्ण झाली की बाप सुटला.

हां, सगळ्या ड्रायव्हरांना एका मापानं मोजू नका. जो थांबतो, जखमीला सयाजी हॉस्पिटलात पोचवतो, त्याला सवलत हवीच. जमावाच्या भीतीनं पळालात तरी पोलिसांना कळवता येतं. न कळवता पळणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा देणारं बीएनएसचं 106(2) मात्र जानेवारी 2024 च्या ट्रकवाल्यांच्या संपानंतर बाजूलाच ठेवलंय.

आणि मामांनी तेव्हा बाबांना घातलेली भीती, "सही नाही केलीस तर क्लेम अडकेल", ही शुद्ध थाप होती. भरपाईचा दावा मोटार अपघात ट्रिब्युनलपुढे वेगळा चालतो, फौजदारी समेटाशी त्याचा संबंध नाही. मामा आजही मानत नाहीत. तुमच्या घरी असा कागद आला तर वकिलाला दाखवा, नातेवाइकाला नाही.