डॉट कॉम डोमेन घेतल्यावर माझे नाव, पत्ता आणि फोन सर्वांना दिसतो का?

नाही, आता सहसा दिसत नाही. राज्य आणि देश मात्र दिसतात, आणि अर्जातील ‘ऑर्गनायझेशन’ या रकान्यात आपण स्वतःचेच नाव भरले असेल तर तेही उघड होऊ शकते, म्हणून व्यक्तिगत नोंदणीत तो रकाना रिकामा ठेवावा. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणासाठीचा युरोपीय संघाचा जीडीपीआर कायदा २५ मे २०१८ रोजी लागू झाला, तेव्हापासून आयकॅन या डोमेन नावांची व्यवस्था पाहणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या नियमांनुसार रजिस्ट्रार, म्हणजे डोमेन नोंदवून देणाऱ्या कंपन्या, हूइज या डोमेनधारकांच्या सार्वजनिक नोंदीतील व्यक्तिगत तपशील झाकू लागल्या. खात्री करायची असल्यास आयकॅनच्या लुकअप पानावर आपले डोमेन टाकून पाहावे. नाव, रस्ता आणि फोन यांच्यापुढे बहुधा ‘रिडॅक्टेड फॉर प्रायव्हसी’ (गोपनीयतेसाठी झाकलेले) असे लिहिलेले आढळेल. मात्र झाकलेले म्हणजे निनावी नव्हे: खरा तपशील रजिस्ट्रारकडे राहतो, न्यायालयाच्या आदेशावरून तो द्यावा लागतो, आणि तपशील उघड होईल या भीतीपोटी खोटा पत्ता दिल्यास डोमेन निलंबित होऊ शकते, जे छोट्या व्यावसायिकाला फार महागात पडते. २०१८ पूर्वीचे डोमेन असेल, तर जुन्या उघड नोंदींच्या प्रती खासगी कंपन्यांच्या संग्रहात अजूनही सापडू शकतात.