व्हिटनीच्या आधी डॉली ऐक
कंट्री संगीत (अमेरिकेच्या ग्रामीण लोकसंगीतातून आलेला गाण्याचा प्रकार) ऐकायला लागलायस, तर 'आय विल ऑलवेज लव्ह यू' आधी डॉली पार्टनच्या १९७४च्या आवाजात ऐक. व्हिटनी ह्यूस्टनचं १९९२चं रूप नंतर. ते अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत १४ आठवडे अव्वल होतं, पण कंट्री नव्हे. हे प्रेमभंगाचं गाणं समजू नकोस. कंट्री गायक पोर्टर वॅगनरच्या टीव्ही कार्यक्रमात डॉली १९६७पासून गायची. तिथून बाहेर पडताना तिने हा निरोप लिहिला. म्हणून त्यात कडवटपणा नाही. गायक एल्व्हिस प्रेस्लीलाही ते गायचं होतं, पण त्याच्या मॅनेजरने निम्मे प्रकाशनहक्क (म्हणजे गाण्याच्या कमाईतला वाटा) मागितले. डॉली नाही म्हणाली. (मोठी हिंमत!) व्हिटनीमुळे आलेले गीतकाराच्या हक्काचे पैसे तिलाच मिळाले. ऐकताना मधला नुसता बोललेला भाग वगळू नकोस. मला तोच सगळ्यात आवडतो.